जळजळ थांबली तेव्हा

ज्यांच्या पर्समध्ये, शर्टाच्या खिशात किंवा उशीखाली पित्ताच्या गोळ्यांची पट्टी कायम असते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय चौपन्न. माझी अन्ननलिका आम्लाने आतून सोलवटून निघाली होती आणि मी त्यातून वाचले. माझ्या भावाचंही दुखणं असंच सुरू झालं होतं. तो वाचला नाही. दोघांच्या दुखण्यात फरक एवढाच की माझा घास आधी अडकला.

आमच्या घरचं पित्त

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. बाबा लवकर गेले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. मुंबईला गेला, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी शाळा करून शिकला, पुढे एका कचेरीत क्लार्क झाला. मला डी.एड. करायला त्यानेच लावलं. आई नको म्हणत होती. "बाय मास्तरीण होईल आणि आपल्या वाडीतल्या पोरांना शिकवील," एवढं बोलून त्याने विषय संपवला. आमच्या बौद्धवाडीतली मी पहिली शिक्षिका.

आमची वाडी नाटे गावापासून थोडी आत, चढावर. दर मे महिन्यात दादा, वहिनी आणि त्यांचा मुलगा अनिकेत गावी यायचे. जेवणं झाली की आम्ही दोघं भावंडं पडवीत बसायचो.

"आज कुठवर आलं गो?" दादा विचारायचा.

मी छातीच्या मध्यावर बोट ठेवायचे. तो स्वतःच्या गळ्यावर ठेवायचा आणि जिंकल्यासारखा हसायचा. आई होती तोवर तिलाही तेच होतं. "आमच्या घराण्याचं पित्त हाय," असं ती आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची.

उपाय सगळे करून झाले होते. थंड दूध, लिंबाच्या पाण्यात खायचा सोडा, आवळ्याची सुपारी. शेवटी गोळी. राजापूरच्या मेडिकलमधून मी स्वतःसाठी पट्ट्या आणायचे तेव्हा दादासाठीही आणायचे आणि तो परत निघाला की त्याच्या बॅगेत टाकायचे, काजूगर आणि कोकमाच्या शेजारी. वहिनी म्हणायच्या, "मुंबईत काय गोळ्या मिळत नाहीत?" तर दादा म्हणायचा, "बायच्या गोळीला गुण हाय." हे वीस-बावीस वर्षं चाललं. दादाला तंबाखू नाही, दारू नाही. मला तर नाहीच. त्यामुळे वाईट काही होईल असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. पित्ताने कोण मरतं?

घास

आधी माझा आवाज गेला. शिक्षकांचा आवाज बसतोच, म्हणून मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत राहिले. सकाळी उठल्यावर घशात आंबटकडू काहीतरी आलेलं असायचं आणि परिपाठाला प्रार्थना सुरू केली की खोकला सुटायचा. तिसरीतली मुलं माझी नक्कल करायला लागली. मी त्यांना रागावले नाही. नक्कल हुबेहूब होती.

मग एका सकाळी घावन खाताना घास छातीच्या मधोमध थांबला. घशात नाही, त्याच्या बराच खाली. पुढेही जाईना, मागेही येईना. तोंडात लाळ साठत गेली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मोरीपाशी जाऊन पाणी प्यायले तर तेही उलटून आलं. काही मिनिटांनी घास आपोआप सरकला. मी तोंड धुतलं, चहा घेतला आणि शाळेत गेले.

जवळजवळ दोन महिने मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल असं काहीतरी वाटत असावं. मी घास लहान करत गेले. भाकरी सोडली. भातात कुळथाची पिठी जास्त घालून तो पातळ करून घ्यायचा, मध्ये मध्ये पाणी प्यायचं, आणि अडकलंच तर काहीतरी आणायचं निमित्त करून उठायचं. उभं राहून खांदे वर उचलले की घास उतरतो, हे मी माझं मीच शोधून काढलं होतं.

माझे यजमान एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. माणसांच्या तोंडाकडे बघायची त्यांची सवय गेलेली नाही.

"भाकरी का सोडलीस?" एका दुपारी त्यांनी विचारलं.

"दाढ दुखते."

"कुठली?"

मला पटकन बाजू सांगता आली नाही. त्यांनी ताट सरकवलं आणि हात धुऊन माझ्यासमोर येऊन बसले. "आता खरं काय ते सांग."

सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही राजापूरला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. घास अडकतो का, आणि वजन उतरलंय का. दोन्हीला हो म्हटल्यावर त्यांनी रत्नागिरीच्या पोटविकारांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. दुर्बिणीने अन्ननलिका तपासायची होती.

दुर्बीण

उपाशीपोटी रत्नागिरीला पोहोचलो. बाहेरच्या बाकावर माझ्या आधी दोघं होते. शेजारी नाटे गावची एक मासे विकणारी बाई बसली होती, शमीमबी. तिला मी बाजारात पाहिलेलं होतं, बोलले कधी नव्हते. मी डॉक्टरांच्या चिठ्ठीची घडी उलगडत होते, परत घालत होते, ते तिने बघितलं.

"पहिल्यांदा आलीस?"

मी मान हलवली.

"मी तिसऱ्यांदा. ऐक. नळी आत गेली की घशाचा विचार करायचा नाय. नाकाने श्वास घे आणि मोज. वीस-पंचवीस म्हणेस्तवर होतं."

मला वीस-पंचवीसपेक्षा बरंच जास्त मोजावं लागलं, पण मोजत राहिले म्हणून निभावलं. घशात कडू फवारा मारतात, त्याने घसा बधिर होतो. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांत एक कडी धरायला देतात. उमासे येतात, डोळ्यांतून पाणी येतं, पण दुखत नाही. ज्यांना भीती वाटते त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. भीती वाटते ती आधी. नर्सने शेवटपर्यंत माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

मग डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना आत बोलावून पडद्यावर चित्र दाखवलं. वरचा भाग फिकट गुलाबी होता, ओठाच्या आतल्या बाजूसारखा. खाली जाऊ तसे लाल चट्टे, मध्ये पांढरट चिरा.

"पोटाचं अस्तर आम्ल सोसेल असं बनलेलं असतं," त्या म्हणाल्या. "अन्ननलिकेचं तसं नसतं. वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहिलं की ते सोलवटतं. तुमच्या जखमा भरल्या, परत झाल्या, परत भरल्या. त्यात नळी आकसत गेली, म्हणून घास अडकतो. ते आपण रुंद करू. मला काळजी या पट्ट्याची आहे. इथलं अस्तर बदललंय."

"म्हणजे कॅन्सर?" यजमानांनी विचारलं. मला विचारवलं नसतं.

"नाही, असं आज म्हणणार नाही. हो, असंही म्हणणार नाही. तुकडा तपासायला पाठवलाय." मग माझ्याकडे वळून, "किती वर्षं गोळ्या घेताय?"

"वीस-बावीस."

"कोणी सांगितलं घ्यायला?"

मी पर्समधली पट्टी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"गोळी वाईट नाही. मीही तुम्हाला गोळीच देणार आहे, रोज, वेळेवर. पण आत काय चाललंय ते कोणी एकदाही बघितलं नाही आणि तुम्ही मनाला येईल तेव्हा घेत राहिलात."

उठता उठता मी म्हटलं, "माझ्या भावालाही असंच आहे."

"मग त्यांनाही तपासून घ्यायला सांगा."

नऊ दिवस

रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. त्या दिवसांत मी तिसरीचे सहामाहीचे सगळे जुने पेपर पुन्हा तपासले, गरज नसताना. यजमान उगाच अंगणातला पाचोळा झाडत राहायचे. आम्ही एकमेकांशी फार सौम्य बोलायचो आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

त्यातल्याच एका संध्याकाळी दादाला फोन केला. सगळं सांगितलं. तो घाबरला, माझ्यासाठी. मी येऊ का, मुंबईला दाखवू या का, असं सुरू झालं त्याचं. मी म्हटलं, "माझं राहू दे. तू तपासून घे."

"मला काय झालंय? मला तर गेलं वर्षभर जळतच नाय गो. गोळी सुटली माझी."

"खरंच?"

"तुझी शपथ. बरा झालो मी."

मला इतकं बरं वाटलं ते ऐकून. एकाचं तरी सुटलं, असं मी म्हणालेसुद्धा.

नवव्या दिवशी आम्ही रिपोर्ट घ्यायला गेलो. कॅन्सर नव्हता. अस्तर बदललेलं होतं, पुढे कधी बिघडू शकेल असं होतं, म्हणून औषध चालू ठेवून ठरावीक काळाने दुर्बीण करत राहायची. मी खुर्चीतच रडायला लागले. यजमानांनी डॉक्टरबाईंना हात जोडले. त्या आनंदात मी सहज बोलून गेले, "माझा भाऊ तर नशीबवान. त्याची जळजळ वर्षभरापूर्वी आपोआप थांबली."

त्यांचं लिहिणं थांबलं.

"औषधाशिवाय?"

"हो."

"त्यांना आधी घेऊन या. कधीकधी अस्तर बदललं की जळणं कमी होतं. माणसाला वाटतं, बरं झालं."

हे वाक्य मी घरी नेलं. संध्याकाळी दादाला फोन लावला. दुपारीच यजमानांनी कळवलेल्या रिपोर्टने तो इतका खूश झाला होता की वहिनींनी शेजाऱ्यांना पेढे वाटले होते. त्या आनंदात मला ते वाक्य तसंच्या तसं उच्चारता आलं नाही. मी ते मऊ केलं. "डॉक्टर म्हणतात, तूही एकदा दाखवून घे."

"मेमध्ये येतो तेव्हा दाखवू."

"बरं," मी म्हटलं.

जानेवारी होता. मला त्याला घाबरवायचं नव्हतं. स्वतःची भीती नुकतीच उतरली होती आणि आणखी कोणाची भीती हातात घ्यायची ताकद माझ्यात उरली नव्हती. हे कारण आहे, सबब नाही. दोन्हींत फरक असतो असं मी मुलांना शिकवते.

मे

दादा एसटीतून उतरला तेव्हा मी त्याला क्षणभर ओळखलं नाही. शर्ट खांद्यांवरून लोंबत होता. वहिनी म्हणाल्या, "फिरायला जातात ना रोज सकाळी, म्हणून." त्याही त्यावर विश्वास ठेवून होत्या.

पहिल्याच दुपारी मी सगळ्यांना वाढलं. फणसाची भाजी, भाकरी, सुकटीची चटणी. दादाने दोन घास खाल्ले, "गरम होतंय गो," म्हणाला आणि ताट घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर गेला. मी ताक द्यायला मागोमाग गेले. तो आमच्याकडे पाठ करून उभा होता. उभ्यानेच त्याने घास तोंडात टाकला, पाण्याचा घोट घेतला आणि खांदे वर उचलले.

माझ्या हातातलं ताकाचं भांडं सांडलं. तो वळला. माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं की मला कळलंय.

"कधीपासून?" मी विचारलं.

"शिमग्यापासून," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीला बोलू नको."

तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला रत्नागिरीला नेलं. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि यावेळी त्यांनी आम्हाला पडद्यावर काही दाखवलं नाही. "ताबडतोब मुंबईला न्या," म्हणाल्या. तुकड्याचा रिपोर्ट ही आता नुसती रीत होती, हे त्यांच्या आवाजावरून समजलं. दादा आतून बाहेर आला, घसा बधिर, बोलणं बोबडं. मला म्हणाला, "तुझ्यापेक्षा माझं लवकर आटोपलं." दुर्बीण खाली जातच नव्हती म्हणून लवकर आटोपलं होतं.

कॉरिडॉर

मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात त्याच्यावर उपचार सुरू झाले. आधी केमो आणि रेडिएशनचा शेक, मग जमलं तर ऑपरेशन. ते जमलं नाही, आजार पसरला होता. पोटातून नळी घातली आणि तिच्यातून पातळ अन्न सोडायला सुरुवात झाली. तीन तीन तास रांगेत बसणं, रक्ताचे रिपोर्ट, पुन्हा रांग. वहिनी एका हातात फाईल आणि दुसऱ्या हातात दादाची चप्पल घेऊन उभ्या असायच्या, कारण त्याचे पाय सुजले होते.

मी शाळेची रजा काढून जाऊन येऊन होते. एका दुपारी कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघीच होतो. मला ते पोटात ठेवणं अशक्य झालं होतं. जानेवारीत डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या आणि मी फोनवर काय सांगितलं, ते मी वहिनींना सांगून टाकलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "जानेवारी," म्हणाल्या. मग बोटांवर मोजलं. "म्हणजे चार महिने, वन्सं."

"हो."

"मला तरी सांगायचं. मी ओढून नेलं असतं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर त्या माझ्याशी फक्त औषधाचं बोलायच्या. गोळी दिली का, पिशवी बदलली का, डबा कोण आणणार. मी एकदा धीर करून तिथल्या डॉक्टरांना विचारलं, चार महिने आधी आणलं असतं तर? "सांगता येत नाही," ते म्हणाले. कदाचित त्यांना दया आली असेल, कदाचित ते खरंच असेल. त्या तीन शब्दांनी मी सुटलेही नाही आणि पुरती अडकलेही नाही.

माझ्यासमोर जेव

दिवाळीच्या सुट्टीत मी दादाच्या घरी राहायला गेले. माझं पथ्य चालू होतंच. सकाळी उपाशीपोटी गोळी, अर्ध्या तासाने नाश्ता, थोडं थोडं खायचं, संध्याकाळचं जेवण लवकर, जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. हे सगळं मी चोरून केल्यासारखी करायचे. आतल्या खोलीत माणूस पाण्याच्या थेंबाला पारखा झालेला आणि मी माझ्या अन्ननलिकेची उस्तवार करते आहे, याची लाज वाटायची. स्वयंपाकघराचं दार लोटून, ओट्याशी उभी राहून मी पेज प्यायचे.

एका संध्याकाळी दादाने हाक मारली. "काय खातेस गो?"

"पेज."

"आण हिकडं. माझ्यासमोर जेव."

"दादा, नको."

"आण म्हणतो ना."

मी वाटी घेऊन त्याच्या पलंगाशेजारी बसले. तो उशीला टेकून माझ्याकडे बघत राहिला. पहिला घोट मला गिळवेना.

"सावकाश," तो म्हणाला. "उतरली?"

"उतरली."

"दुखलं?"

"नाही."

"आणखी घे."

पूर्ण वाटी संपेपर्यंत त्याने प्रत्येक घोटाला विचारलं, उतरली? आणि मी हो म्हटलं की त्याच्या गळ्याची हाडं थोडी हलायची, तोच गिळत असल्यासारखी.

वाटी खाली ठेवल्यावर मी म्हटलं, "तुला गोळ्या मीच दिल्या रे. एवढी वर्षं."

"दिल्यास," तो म्हणाला. "मी खाल्ल्या. मी काय तान्हा होतो? आता त्याची फिर्याद कुणाकडे करणार?"

मग जानेवारीचंही मी त्याला सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तसाच म्हणाला, "तुझं वेळेवर दिसलं बाय. माझं पण दिसायला हवं होतं." त्याच्या आवाजात राग होता. पहिल्यांदाच, माझ्या आयुष्यात, माझ्यावर. मी तिथून उठले नाही. तो राग माझा होता, मला तो घ्यायचा होता. थोड्या वेळाने त्याने पंखा कमी करायला सांगितलं, मी केला. त्या विषयावर आम्ही परत बोललो नाही. पण दुसऱ्या संध्याकाळी त्याने पुन्हा मला वाटी घेऊन समोर बसवलं, आणि सुट्टी संपेपर्यंत रोज.

शाळेचं दार

शाळा सुरू झाली म्हणून मी गावी परतले. तीन आठवड्यांनी, मुलांकडून सातचा पाढा म्हणून घेत असताना, दारात यजमान उभे दिसले. ते आत आले नाहीत. पाढा पुरा होईपर्यंत चप्पल काढून बाहेरच उभे राहिले. मुलं सात दाहे सत्तर म्हणाली, तेव्हा मी खडू फळ्याखाली ठेवला.

दादा सकाळी गेला होता. वहिनी त्याचं तोंड पुसत होत्या तेव्हा.

पुण्यानुमोदनाला सगळे गावी आले. पडवीत बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोशेजारी दादाचा फोटो ठेवला. त्रिशरण, पंचशील झालं. लोक बोलले. दादाने मुंबईत वाडीतल्या किती जणांना पहिल्या आठवड्यात स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं, हे मला त्या दिवशी कळलं. मग पंगत बसली. वहिनी वाढत होत्या. माझ्या पानापाशी आल्या, न विचारता भात वाढला, मिरचीचं लोणचं गाळून पुढे गेल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

अस्तर भरतं

माझी नळी फुग्याने रुंद करून झाली होती. पुढच्या दुर्बिणीला जखमा पूर्ण भरलेल्या दिसल्या. बदललेला पट्टा आहे तसाच आहे, वाढलेला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "शाब्बास बाई, छान सांभाळलंत." शाबासकी ऐकून मला इतकं रडू आलं की त्यांनी नर्सला पाणी आणायला पाठवलं.

लोक विचारतात, नक्की काय केलंस? फार काही नाही, पण रोज केलं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली यजमानांनी चिऱ्याचे तुकडे घासून बसवले. उशा चढवून उपयोग होत नाही, मान मोडते आणि पोट दाबलं जातं. पलंगच कलता हवा. सुरुवातीला आम्ही दोघंही सकाळपर्यंत घसरत पायथ्याला गोळा व्हायचो. आता सवय झाली. झोपताना डावी कूस. परकराची नाडी मी आयुष्यभर करकचून बांधत आले. डॉक्टरबाईंनी ती सैल करायला सांगितली, तर साडी राहीना. मग वयाच्या चौपन्नाव्या वर्षी पंजाबी ड्रेस घालून शाळेत गेले. मुलांनी अर्धा दिवस गणितं सोडवली नाहीत. आंबट, तेलकट, तिखट सोडलं. सोलकढीचं दुःख मला अजून होतं. गोळी डॉक्टर सांगतील तशी आणि तितकीच. सोडा कायमचा बंद.

आणि एक. तुमच्या घरात कोणी वर्षानुवर्षं छातीवर हात चोळत असेल, तर त्याला नुसतं विचारू नका. आम्ही लोक खोटं बोलतो, दाढ दुखते म्हणतो. त्याच्यासोबत जेवायला बसा आणि तो कसा गिळतो ते बघा.

बाकावर

यंदा फेब्रुवारीत वहिनींचा फोन आला. पुण्यानुमोदनानंतर पहिलाच. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

"वन्सं, अनिकेतच्या ऑफिसच्या बॅगेत पट्ट्या सापडल्या."

अनिकेत बत्तीस वर्षांचा आहे. "किती दिवसांपासून घेतोय?" मी विचारलं.

"सांगत नाय. हसण्यावारी नेतो. बापासारखाच. तुमच्या डॉक्टरबाईंकडे नंबर लावा. मी आणते त्याला."

मुंबईत डॉक्टर नाहीत का, असं मी विचारलं नाही.

रत्नागिरीला तेव्हाच्याच बाकावर आम्ही दोघी बसलो. मध्ये एका माणसाची जागा सोडून. त्या जागेवर वहिनींनी आपली पिशवी ठेवली होती. अनिकेत आत गेला. दार बंद झालं. वहिनींनी डोळे मिटून घेतले, ओठ हलत होते. मी मोजत होते.

नर्सने दार उघडून घरच्यांना बोलावलं. वहिनी उठल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

"तुम्ही जा वन्सं. मला ते बघवणार नाय. तुम्हाला कळतं त्यातलं."

मी आत गेले. पडद्याकडे बघायच्या आधी मी टेबलाची कड धरली. फिकट गुलाबी होतं. खालपर्यंत फिकट गुलाबी. अगदी टोकाला, पोटाच्या तोंडाशी, बोटभर लालसर सूज. अस्तर कुठेही बदललेलं नव्हतं. "वेळेत आलात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "औषध, पथ्य आणि वजन थोडं कमी. मग परत बघू."

बाहेर येऊन मी वहिनींना सांगितलं, शब्द न् शब्द, काहीही मऊ न करता, काहीही न वाढवता. टोकाला सूज आहे, तीही सांगितली. त्यांनी पदर तोंडात धरला आणि रडल्या. दादा गेला तेव्हाही त्या माझ्यासमोर अशा रडल्या नव्हत्या.

मग डोळे पुसून म्हणाल्या, "माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाय."

"मला माहीत आहे."

"जाईल असंही वाटत नाय. पण ह्याला परत दाखवायचं असेल तेव्हा तुम्ही आत जायचं. प्रत्येक वेळी."

"जाईन," मी म्हटलं.

अनिकेत बाहेर आला. घसा बधिर होता, चालताना तोल सांभाळत होता. "आत्या, पाणी," असं काहीतरी बोबडं म्हणाला.

"अर्धा तास थांब," मी म्हटलं. "आत्ता ठसका लागेल."

वहिनींनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. तो आमच्या मध्ये बसला. त्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी बसून राहिलो, भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास व्हायची वाट बघत.